चाकू, दगड आणि माझा रविवार
आज म्हटलं खिशातल्या चाकूला जरा झकास धार लावू, ४०० नंबरचा भरड आणि १००० नंबरचा बारीक दगड, पाण्याची वाटी, सगळं मांडून गॅलरीत बसलो आणि दीड तास घासत होतो, तरी पेपर कापायला गेलो की कापण्याऐवजी फाटायचाच!! शेवटी कडेला काळा मार्कर फासला आणि घासलं तर वरची शाई गेली, अगदी कडेची तशीच. म्हणजे दगडाशी २० अंशांचा कोन समजून मी पातं आडवंच धरत होतो, दगड धारेपर्यंत पोचतच नव्हता 🤦 मग पातं जरा उचललं, तेव्हा कुठे पलीकडच्या बाजूने बोटाला बारीक खरखर लागली (घासून धारेपलीकडे वळलेली धातूची बारीक कड), ती जुन्या चामडी पट्ट्यावर उतरवली. टोमॅटो कापतो आता. हातावरचे केस नाही. आई लगेच, "विळी पण घे की."