सायीच्या रंगाची गाडी

न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये मी अकरावीला इंग्रजी शिकवते. वर्गाच्या खिडकीतून सात नंबरची ट्रेन पुलावरून जाताना दिसते. दरवर्षी फिट्झजेराल्डची 'द ग्रेट गॅट्सबी' असतेच. १९२५ साली आलेल्या या कादंबरीतले रंग मला पाठ झाले होते. गॅट्सबीचं जिच्यावर प्रेम आहे त्या डेझीच्या बोटींच्या धक्क्यावरचा हिरवा दिवा म्हणजे त्याची आस, पांढरे कपडे म्हणजे वरवरचा निरागसपणा, पिवळा म्हणजे पैसा. मुलं वहीत दोन रकाने आखत, एकात रंग, दुसऱ्यात अर्थ. परीक्षेला तेच येई.

त्या दिवशी सातवं प्रकरण होतं, अपघाताचं. मर्टल विल्सन संध्याकाळी गॅरेजमधून धावत रस्त्यावर येते आणि गॅट्सबीच्या गाडीखाली सापडते. आजूबाजूला राखेचे ढीग. ते ढीग फिट्झजेराल्डने कल्पनेतून उभे केलेले नाहीत. इथे क्वीन्समधल्या कोरोना नावाच्या भागाजवळ ब्रुकलिनमधल्या कोळशाच्या भट्ट्यांची राख खरोखरच आणून ओतत. १९३९च्या जागतिक प्रदर्शनासाठी ते सपाट केले गेले. आज तिथे मोठी बाग आहे, आमची मुलं तिथेच खेळतात. मी त्यांना सांगितलं, की माझ्या भाषेत या रंगाच्या नावातच राख आहे: राखाडी. मर्टलच्या नवऱ्याच्या, गॅरेजवाल्या विल्सनच्या कपड्यांवर, केसांवर तीच बसलेली असते. मुलांनी तो शब्द दोन-तीनदा म्हणून पाहिला.

मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "मिस, पण या गाडीचा रंग कोणता?"

हा मुलगा वर्षभर फारसा बोललाच नव्हता. त्याचे वडील गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतात. त्या बागेला लागूनच विलेट्स पॉइंट आहे. खड्ड्यांचे, पाण्याची तळी साचणारे रस्ते, दुतर्फा गॅरेजंच गॅरेजं असायची. वडिलांचं दुकान कितीतरी वर्षं तिथे होतं, मग जागा सोडावी लागली. विल्सनचं गॅरेज कुठे असेल, हे या मुलाला नकाशात शोधावं लागत नव्हतं.

"पिवळा," मी म्हणाले. रकान्यात तसंच होतं.

"गोष्ट सांगणारा निक तिला क्रीम म्हणतो. तो गाडी बघतो जुलैत, सकाळी नऊ वाजता, उन्हात." त्याने पान काढून दाखवलं. "रस्त्यात ज्याच्या शेजारून ती गाडी गेली तो माणूस पिवळी म्हणतो. आणि शेजारचा कॉफीवाला मायकेलिस पहिल्या पोलिसाला सांगतो, फिकट हिरवी."

फिकट हिरवी. इतकी वर्षं मी ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचत आले होते. हिरव्या दिव्यावर तास घालवले, आणि हा हिरवा माझ्या नजरेतून निसटला होता.

मग तो बोलतच राहिला. वडील संध्याकाळी कधीच रंग जुळवत नाहीत. ट्यूबलाइटखाली दोन पत्रे अगदी एक दिसतात, सकाळी दारात नेले की वेगळे. क्रीम तर फारच फसवा. त्याच्यात जरा पिवळा, जरा हिरवट झाक असते आणि आजूबाजूचा उजेड तो लगेच उचलतो. "कॉफीवाला खोटं बोलत नाहीये, मिस. सात वाजून गेलेत, धूळ आहे, गाडी थांबलेलीच नाही."

वर्गात कुणीही हललं नाही. मला आईची आठवण आली. साडी घेताना ती दुकानदाराला म्हणायची, "उजेडात दाखवा हो." क्रीमला ती सायीचा रंग म्हणे.

मी मुलांना रकान्यांची पानं उलटायला सांगितली आणि नवा प्रश्न दिला: प्रत्येक रंगापुढे लिहा, तो कुणी पाहिला, किती वाजता, कुठे उभं राहून. तोच हिरवा दिवा गॅट्सबी खाडीपलीकडून, अंधारात बघतो. डेझी शेजारी उभी असते तेव्हा त्या दिव्याची जादू उतरते. हे मी आधीही शिकवलं होतं, पण त्या तासाला ते मुलांनी मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो वर्ग सुरू व्हायच्या आधीच आला. रात्री आठवं प्रकरण वाचून काढलं होतं. गॅट्सबी ड्रायव्हरला बजावतो, की काही झालं तरी ती गाडी बाहेर काढायची नाही. हे नवलाचं वाटतं, कारण पुढचं उजवं मडगार्ड दुरुस्तीला आलेलं असतं.

त्या ओळीखाली त्याने पेन्सिलीने रेघ मारली होती. "मी बाबांना वाचून दाखवलं," तो म्हणाला. "त्यांनी एवढंच विचारलं, मग ती गाडी उन्हात कुणी पाहिलीच नाही का पुन्हा?"