आर्जांतॉयच्या होड्या आणि माझे १९ दिवस

चित्र देशात उतरलं ३ तारखेला आणि माझ्या हातात पडलं २२ तारखेला. मधल्या १९ दिवसांत अण्णांची पंच्याहत्तरी होऊन गेली. त्या कुरिअर कंपनीचं नाव कुठे दिसलं तरी अजून माझं डोकं तापतं. प्रसिद्ध चित्राची हातानं रंगवलेली प्रत परदेशातून मागवायचा विचार कुणी करत असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, वेंगुर्ल्याला शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांच्या खोलीत एका जुन्या कॅलेंडरचं पान आहे, फ्रेंच चित्रकार क्लॉड मोनेच्या 'आर्जांतॉयची नौकाशर्यत' या चित्राचं. मोने १८७१ च्या अखेरीस पॅरिसजवळच्या आर्जांतॉय या सीन नदीकाठच्या गावात राहायला गेला आणि १८७२ च्या सुमारास त्यानं हे चित्र काढलं. पांढरी शिडं, काठावरची तांबडी घरं आणि खाली पाण्यात त्यांची प्रतिबिंबं. ही प्रतिबिंबं म्हणजे रंगाचे नुसते सुटे, जाड फटकारे आहेत. अण्णा वरचा अर्धा भाग कागदानं झाकून मुलांना फक्त पाणी दाखवायचे. "पाणी घोटायचं नाही, मांडायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पण त्या पानावरचा लाल रंग उन्हानं कधीच उडाला आणि घरंही निळसर झाली. मूळ चित्र पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे, ४८ बाय ७५ सेंटीमीटरचं. अण्णांनी ते त्या मापात कधी पाहिलंच नव्हतं. पंच्याहत्तरीला त्याच मापाची, तैलरंगातली प्रत द्यायची, असं मी ठरवलं.

चीनमध्ये शेन्झेन शहराच्या हद्दीत दाफेन म्हणून गाव आहे. १९८९ मध्ये हाँगकाँगचा एक व्यापारी वीसेक चित्रकार घेऊन तिथे आला आणि तेव्हापासून गावाचा धंदाच प्रसिद्ध चित्रांच्या प्रती रंगवण्याचा झाला. तिथल्या एका चित्रशाळेत ऑर्डर दिली. पैसे भरणं वगैरे सगळं सुरळीत झालं. पहिल्या फोटोत मात्र पाणी काचेसारखं गुळगुळीत दिसत होतं, फटकारे एकमेकांत घोटून टाकलेले. मी अण्णांचं वाक्य इंग्रजीत करून पाठवलं आणि मूळ चित्राच्या खालच्या भागाचा मोठा फोटो सोबत जोडला. त्यांनी तो भाग खरवडून पुन्हा रंगवला. म्हणून सांगते, चित्र निघण्याआधी फोटो मागाच आणि तोही बाजूनं उजेड टाकून काढलेला. समोरून काढलेल्या फोटोत रंगाची जाडी कळत नाही.

आता अडलं कुठे ते सांगते.

आधी केवायसी. पार्सलवर माझं लग्नानंतरचं नाव, आधारवर माहेरचं. कुरिअरच्या साइटवर फॉर्म भरला की 'नाव जुळत नाही' म्हणून परत यायचा. चार वेळा भरला. शेवटी लग्नाचा दाखला जोडल्यावर पुढे सरकला. ऑर्डर देताना आधारवर आहे तेच नाव घातलं असतं, तर हे दोन दिवस गेलेच नसते.

त्यानंतर आठ दिवस साइटवर एकच ओळ: 'क्लिअरन्स प्रक्रियेत'. मी रोज फोन करायचे. रोज नवा माणूस, रोज पार्सलचा नंबर पहिल्यापासून सांगायचा आणि रोज तेच उत्तर, "मॅडम, चोवीस तास थांबा." तेरा तारखेला संध्याकाळी एका मुलीनं फाइल नीट उघडून पाहिली आणि म्हणाली, "मॅडम, यावर कस्टम्सची क्वेरी आलेली दिसतेय. सहा तारखेलाच आलीय. तुम्हाला मेल नाही आला?" नव्हता आला. सात दिवस तो प्रश्न त्यांच्याकडे पडून होता आणि दुसऱ्या दिवशी अण्णांचा वाढदिवस होता. मी फोन ठेवला आणि रडले.

प्रश्न मात्र रास्त होता. चित्रशाळेनं बिलावर लिहिलं होतं 'क्लॉड मोने, तैलचित्र, १८७२'. प्रत किंवा नक्कल असा एकही शब्द नाही. शिवाय चित्राच्या कोपऱ्यात मोनेची सहीसुद्धा काढलेली. मी तिकडे पाण्याकडे बघत बसले आणि सहीचं मला सुचलंच नाही. पूर्णपणे हातानं काढलेली चित्रं कस्टम्सच्या शुल्काच्या यादीत ९७०१ या क्रमांकाखाली येतात आणि २०२२ पासून त्यातही शंभर वर्षांहून जुनी चित्रं वेगळी, बाकीची वेगळी. छापील चित्रं तर पार दुसरीकडे, ४९११ मध्ये. म्हणजे कागदावर १८७२, किंमत मात्र दीडशे डॉलर. मग हे नक्की काय आहे? जुनं, नवं की छापील? असं कुणीही विचारलंच असतं. माझा राग त्या प्रश्नावर नाही. तो सात दिवस दाबून ठेवून मला 'चोवीस तास थांबा' सांगणाऱ्यांवर आहे.

पंच्याहत्तरीला मी रिकाम्या हातानं वेंगुर्ल्याला गेले. अण्णांना काहीच सांगितलं नाही.

सोडवणूक झाली ती तीन फोटोंमुळे. चित्रशाळेनं काम चालू असताना पाठवलेले फोटो मी मोबाइलमधून पुसले नव्हते: एक नुसत्या रेखाटनाचा, एक अर्धवट रंगवलेला, एक पूर्ण झालेला. चित्र नवं आहे आणि हातानं केलेलं आहे, या दोन्ही गोष्टी त्यातून आपोआप सिद्ध झाल्या. सोबत चित्रशाळेकडून नवं पत्र मागवलं: 'हातानं रंगवलेली आधुनिक प्रत, पुरातन मूल्य नाही', खाली रंगवल्याचं वर्ष. हे सगळं वाढदिवसाच्या रात्री मेल केलं, पोच लेखी मागितली आणि ती येईपर्यंत फोन करत राहिले. ड्युटी आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) भरला. कुरिअरनं वर साठवणुकीचं शुल्कही लावलं होतं. क्वेरी आल्याची तारीख आणि माझ्या फोनच्या तारखा लिहून पाठवल्यावर ते मागे घेतलं. तेवढं समाधान मला आहे. प्रत्येक फोनची तारीख आणि वेळ लिहून ठेवाच.

ऑर्डर देतानाच सांगा की बिलावर 'प्रत' हा शब्द हवा, मूळ चित्राचं वर्ष नको, सही नको, आणि कॅनव्हासच्या मागेही 'प्रत' असं लिहा. कॉपीराइटची काळजी नको. मोने १९२६ साली वारला आणि आपल्याकडे मुदत मृत्यूनंतर साठ वर्षांची आहे.

अजून एक राहिलं. चारी बाजूंनी पाच सेंटीमीटर कोरा कॅनव्हास सोडायला सांगा, नाहीतर लाकडी चौकटीवर ताणताना चित्रच कडेनं दुमडतं. गुंडाळी करताना रंगवलेली बाजू बाहेर हवी, आत ठेवली तर जाड रंग दबतो. फ्रेमवाला काच लावू म्हणाला, मी नको म्हटलं. कोकणातल्या दमट हवेत काचेआड ओल धरते.

पुढच्या आठवड्यात मी चित्र घेऊन पुन्हा वेंगुर्ल्याला गेले. अण्णा आधी जवळ गेले, मग पाच-सहा पावलं मागे आले आणि मग सवयीनं पुठ्ठा उचलून वरचा अर्धा भाग झाकला. बराच वेळ पाणी पाहिलं. "घोटलेलं नाही," एवढंच म्हणाले.

पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते म्हणून चित्र आतल्या भिंतीवर लावलं, मागे हवा खेळावी म्हणून कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले. तैलरंग आतपर्यंत वाळायला सहा महिने तरी जातात, वार्निश त्यानंतरच. वार्निशची ती तारीख अण्णांनी कॅलेंडरच्या त्याच जुन्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहून ठेवली आहे.