टेक्स्चर, मास्क आणि मधला पट्टा: नकाशाचं काम कुठवर आलं

मागच्या अपडेटनंतर माझ्या काल्पनिक खंडाच्या नकाशाला नवीन काही जोडलेलं नाही, ना शहरं ना रस्ते. सगळा जोर सीमांवर होता, गवत संपून वाळवंट सुरू होतं ती जागा, जंगल संपून माळ लागतो ती जागा, खडक आणि बर्फ, किनारा आणि पाणी. टेक्स्चर (गवत, वाळू असं जमिनीवर पसरायचं चित्र) कितीही भारी घ्या, दोन टेक्स्चर भेटतात तिथे मऊ ब्रशने मास्क (वरचा थर कुठे दिसेल ते ठरवणारं काळं-पांढरं चित्र) पुसलेला दिसला की सगळं मुसळ केरात.

मऊ ब्रश दोन रंगांची सरासरी काढतो, त्यामुळे अर्धं गवत अर्धी वाळू असा मळकट पट्टा तयार होतो, आणि खऱ्या जमिनीवर असं काही नसतंच. तिथे एका जागी गवताचं ठिगळ असतं नाहीतर वाळूचं, फक्त पुढे जाल तशी ठिगळं विरळ होत जातात. म्हणजे लांबून बघितलं तर बदल हळूहळू झालेला आणि जवळून बघितलं तर प्रत्येक कड स्पष्ट. मास्कला हे दोन्ही एकाच वेळी जमलं पाहिजे.

सध्या गिम्प या चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये करतोय ते असं. खाली काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत साधा ग्रेडियंट, त्यावर सॉलिड नॉइजचा (सॉफ्टवेअरने बनवलेल्या ढगाळ डागांचा) लेयर डिटेल भरपूर वाढवून, मोड ग्रेन मर्ज (दोन्ही लेयरच्या छटा एकत्र करणारा), मग दिसतंय त्याचा नवीन लेयर बनवायचा आणि लेव्हल्समध्ये (उजेड-काळोखाची टोकं सरकवायची सोय) काळं टोक ११५ आणि पांढरं १४० च्या आसपास आणून चेपायचं. जे उरतं ते मास्कमध्ये पेस्ट. ग्रेडियंट जिथे मधला राखाडी आहे तिथेच नॉइजची सत्ता चालते, दोन्ही टोकं स्वच्छ राहतात, आणि मधे गवताची बेटं वाळूत आणि वाळूच्या जिभा गवतात अशी घुसाघुशी आपोआप होते. हा नॉइज म्हणजे कॉम्प्युटर ग्राफिक्सवाल्या केन पर्लिनने १९८५ च्या पेपरात मांडलेल्या नॉइजच्या भावकीतलाच, त्या माणसाला १९९७ मध्ये तांत्रिक ऑस्कर मिळालाय आणि माझ्या मते कमीच मिळालाय.

एक गोष्ट मात्र आधीच बघून घ्या, फाइल ८ बिटची असेल तर मास्कला २५६ च छटा मिळतात, त्यातल्या ११५ ते १४० एवढ्याच तुम्ही ताणताय, म्हणजे रुंद ग्रेडियंटवर पायऱ्या पडणार आणि सीमेला कंटूरसारख्या रेघा येणार. इमेजची प्रिसिजन १६ बिट केली की ६५,५३६ छटा मिळतात आणि हा त्रास संपतो, फाइल जड होते ती होऊ दे.

खडक आणि वाळू भेटतात तिथे नॉइज वापरतच नाही. तिथे खडकाच्या टेक्स्चरचीच ब्लॅक अँड व्हाइट कॉपी नॉइजच्या जागी टाकायची, उजळ भाग म्हणजे उंचवटा आणि काळपट भाग म्हणजे भेगा असं मानून. मग वाळू आधी भेगांमध्ये शिरते, थोडं पुढे गेलं की दगडांचे माथे तेवढे वर उरतात, आणि शेवटी एखादाच दगड वाळूतून डोकावतो. गेम बनवणारे याला हाइट ब्लेंड म्हणतात आणि तिथे हे कधीपासून चालतं, नकाशेवाले आपण अजून स्मज टूल घेऊन बसलोय. फक्त टेक्स्चरमध्ये आधीच भाजलेली, म्हणजे चित्रातच पक्की बसलेली सावली असेल तर हा हिशोब गंडतो, कारण सावलीतला उंच दगडही भेग समजला जातो, म्हणून सपाट उजेडातलं टेक्स्चर निवडायचं.

टाइल (शेजारी शेजारी लावायचा टेक्स्चरचा चौकोन) रिपीट होण्याचं प्रकरण बऱ्यापैकी आटोक्यात आलंय. नकाशा ए टू साइजचा, ३०० डीपीआयला ७०१६ बाय ४९६१ पिक्सेल, म्हणजे १०२४ पिक्सेलची टाइल आडवी जवळजवळ सात वेळा येते आणि एखादा ठळक ठिपका असेल तर तो सातही वेळा डोळ्यात खुपतो. क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये डब्ल्यू दाबून रॅप अराउंड मोडमध्ये (टाइल चारही बाजूंनी जोडून दाखवतो तो) आधी ते ठळक ठिपकेच मारून टाकले, मग त्याच टेक्स्चरची दुसरी कॉपी वेगळ्या स्केलवर, तिरकी फिरवून वर ठेवली आणि मोठ्या ढगाळ नॉइजच्या मास्कने दोन्ही मिसळल्या. स्केल मात्र जपा, पाती दिसतील असं गवत टाकलंत तर अख्खा खंड घरासमोरच्या लॉनसारखा दिसतो.

आता खरा मुद्दा, ज्यावर माझं मत पक्कं झालंय. प्रत्येक सीमेची रुंदी वेगळी पाहिजे आणि ती ब्रशच्या साइजवरून ठरवायची नाही, जमिनीवरून ठरवायची. डोंगर चढताना दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, म्हणून जंगल, खुरटी झुडपं, गवत, खडक, बर्फ हे सगळं काही किलोमीटरमध्ये उरकतं, पट्टे चिंचोळे. उलट सपाटीवर पाऊस हळूहळू कमी होत जातो तिथे कुरण ते वाळवंट हा बदल शेकडो किलोमीटर चालतो, मधे वाळकं गवत आणि काटेरी झुडूप यांना स्वतःचं टेक्स्चर द्यावंच लागतं. आणि डोंगररांग आडवी आली, वाऱ्याकडची बाजू हिरवी आणि पलीकडे पर्जन्यछाया, तर हाच बदल एका रांगेत होऊन जातो. माझ्या नकाशात पूर्वेच्या रांगेमागे हे केलं आणि तो भाग पहिल्यांदा पटण्यासारखा दिसतोय.

बर्फावर सगळ्यात जास्त वेळ गेला. हाइटमॅपला (उंची राखाडी छटांत दाखवणारं चित्र) थ्रेशोल्ड लावून, म्हणजे एका ठरावीक उंचीवर कापून मिळणारी बर्फरेषा ताटाच्या कडेइतकी गुळगुळीत येते, नॉइज मिसळला तरी ओळखू येते. म्हणून घळींमध्ये बर्फ खाली उतरवला आणि वाऱ्याने झोडपलेल्या डोंगरधारा उघड्या ठेवल्या. मग उताराची दिशा. नकाशात उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून देतात, म्हणजे उत्तर वर असेल तर वायव्येकडून, आणि माझा खंड उत्तर गोलार्धात मधल्या अक्षांशांवर आहे जिथे दुपारचा सूर्य दक्षिणेला असतो. तेव्हा उजळ दिसणाऱ्या उतारावर बर्फ कमी असा हिशोब चालणारच नाही, उलट उत्तरेचे उतारच जास्त बर्फाळ हवेत. शेडिंगचा मास्क वेगळा आणि बर्फाचा वेगळा ठेवला की हे सुटतं. स्वित्झर्लंडचा नकाशाकार एडुआर्ड इम्होफ याची पद्धतही इथेच कामाला आली, शिखरांवर कॉन्ट्रास्ट तीव्र आणि खाली दरीकडे येताना फिका, धुक्यातून बघितल्यागत. त्याने पायथ्याच्या टेक्स्चरचा गोंगाट कमी होतो आणि नावं वाचता येतात.

किनाऱ्याचं थोडक्यात सांगतो, सगळीकडे पिवळी किनार ओढू नका. लाटा भूशिरांवर जोर एकवटतात म्हणून तिथे कडे, आणि वाळू साचते खाडी-उपसागरांच्या कुशीत.

जंगलाची कड हाताने स्टँप केली. आत गच्च, बाहेर येताना झाडं सुटी, ओढ्याकाठाने एक दोन रांगा माळात घुसलेल्या, आणि जंगलाच्या उजव्या-खालच्या बाजूला पातळ सावली, तेवढ्याने झाडांना उंची येते. एवढं करून अख्खा नकाशा ब्लॅक अँड व्हाइट करून बघितला तर जंगल आणि माळ एकाच राखाडीत विरघळत होते, म्हणून जंगल एक घर गडद केलं.

राहिलीये ती दलदल. तिथे पाणी आणि गवत यांत उंचीचा फरकच नाही, त्यामुळे हाइट ब्लेंडला धरायला काही मिळत नाही आणि नॉइज लावला की डबकी विखुरलेली दिसतात, वाहतं पाणी कुठे जातंय ते कळत नाही. पुढे आधी नदीचे फाटे हाताने काढून त्यांच्यापासूनच्या अंतराचा ग्रेडियंट करून बघणार आहे, नॉइज त्यानंतर, तोही अगदी थोडा.