कन्नडचा घाट संगणकात बांधताना

चाळीसगाव सोडून संभाजीनगरच्या दिशेने निघालं की कन्नडचा घाट लागतो. औट्रम घाट म्हणूनही तो ओळखला जातो. हा रस्ता मला रेसिंग गेममध्ये चालवायचा होता. जर्मनीतल्या नुरबर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकचं एकेक वळण तोंडपाठ, आणि आपल्या खान्देशातलं एकही वळण कुठल्या गेमात नाही, हे काही पटेना. तो बांधण्याच्या नादात दोन-तीन ट्रॅक एडिटर, म्हणजे गेममधला रस्ता स्वतः बनवायची साधनं, हाताळले. चांगला एडिटर म्हणजे ज्यात भरपूर सामान असतं तो, हे माझं आधीचं मत त्यात पार गळून पडलं.

पहिला नंबर ट्रॅकमेनिया या रेसिंग गेमचा. इथे रस्ता ठोकळ्यांनी जोडायचा. एक ठोकळा ३२ मीटर लांब, ३२ मीटर रुंद आणि ८ मीटर उंच. चहा संपेपर्यंत चढ, वळण, उडी सगळं तयार. पण घाटाचं वळण असं मोजून-मापून येत नाही. ते डोंगर देईल तेवढ्या जागेत वळतं. २०२० च्या आवृत्तीत ठोकळे चौकटी सोडून तिरपेही ठेवता येतात, पण सांधा किंचित जरी चुकला तरी वेगातली गाडी तिथे हमखास उसळते. घाट काही जमला नाही.

तरीही एडिटर कसा असावा हे मी तिथेच शिकलो. बांधता बांधता गाडी ट्रॅकवर हवी तिथे ठेवायची आणि तिथूनच चालवायची. वळण आवडलं नाही तर लगेच मागे येऊन बदलायचं. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची: तुम्ही स्वतः सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाडी नेऊन दाखवल्याशिवाय ट्रॅक प्रकाशितच करता येत नाही. तीच तुमची वेळ ‘ऑथर मेडल’, म्हणजे बांधणाऱ्याचं पदक, ठरते. बांधणाऱ्याला आधी स्वतःच्याच खड्ड्यातून जायला लावणारा हा नियम खरं तर सार्वजनिक बांधकामालाही लावायला हवा!

याच्या अगदी उलट टोक म्हणजे २०१० च्या ग्रॅन टुरिस्मो ५ या गेममधला कोर्स मेकर. त्यात वळणं किती, किती अवघड, रुंदी किती एवढंच सांगायचं; रस्ता तो स्वतः काढून देतो. दिसायला छान, पण हे वळण इथेच हवं असं म्हणायची सोय नाही. त्यापेक्षा १९८४ चा मोटरसायकलचा गेम एक्साइटबाइक बरा. टीव्हीला जोडायच्या स्वस्त गेमच्या कॅसेटमध्ये तो असायचा. उड्या आपल्या हाताने मांडायच्या आणि लगेच पळवायच्या. जपानबाहेर मात्र तो ट्रॅक साठवायची सोय नव्हती. बटण दाबलं की गेला.

घाट हवा तर असेटो कोर्सा हा रेसिंग गेम, हे मग कळलं. त्यात आकार कसलाही चालतो, कारण ट्रॅक ब्लेंडर या त्रिमितीय आकार घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवायचा असतो. रस्त्याची रेघ ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरच्या खुल्या नकाशावरून घेतली. डोंगराची उंची २००० साली अवकाशयानातून केलेल्या रडार मोजणीची, फुकट मिळणारी. तिच्यात दर ३० मीटरला एक आकडा. घाटरस्ता जेमतेम दहा मीटर रुंद! त्यामुळे कडा आणि दरी यांच्यामधला रस्ता त्या माहितीत दिसतच नाही. नुसता एकसंध उतार दिसतो. रेघ त्यावर पसरली की रस्ताही डोंगराच्या उताराबरोबर दरीकडे कलतो.

मला स्क्रीनवर तो कल जाणवला नव्हता. मावसभाऊ भाजीपाल्याची पिकअप घेऊन हा घाट सारखा चढतो-उतरतो. त्याला स्टिअरिंगवर बसवलं. दुसऱ्याच वळणाला तो म्हणाला, “हाऊ आपला घाट नही शे भो. आठे गाडी बाहेर फेकस.”

मग काम उलट्या दिशेने केलं. आधी रस्ता, मागून डोंगर. रेघेवरचे बिंदू कमी केले, प्रत्येकाला स्वतंत्र उंची आणि आडवा कल दिला, आणि जमीन रस्त्याच्या कडेला आणून चिकटवली. रस्त्याच्या कामावर असलेल्या एका मित्राने सांगितलं की बर्फ न पडणाऱ्या डोंगरी भागात वळणाचा आतल्या बाजूचा कल इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाने जास्तीत जास्त १० टक्के धरतात. तेवढा दिला आणि गाडी वळणाला धरून चालायला लागली.

खरा वैताग पुढे होता. एक कल बदलायचा तर ब्लेंडरमधून फाइल काढा, गेमच्या एडिटरमध्ये घाला, तिथून पुन्हा बाहेर काढा, गेम चालू करा, गाडी त्या वळणापर्यंत न्या. गाडीखालचा रस्ता आणि बाजूचं गवत वेगळं ओळखू यावं म्हणून प्रत्येक तुकड्याचं नाव ठरलेल्या पद्धतीनेच हवं. चुकलं की गाडी सरळ जमिनीतून खाली जाते. मे महिन्यात जळगावच्या उकाड्यात तापलेला लॅपटॉप टेबलफॅनसमोर धरून मी हे केलं. एवढ्या वेळात ट्रॅकमेनियात अख्खा ट्रॅक झाला असता.

म्हणून आता कुणी एडिटर सुचवला की झाडं किती, प्रेक्षक किती हे मी बघत नाही. एक वळण ओढून बदलतो आणि त्याच वळणावर गाडी चालायला किती वेळ लागतो ते मोजतो. मग रस्ता हलवल्यावर जमीन आपोआप त्याच्यामागे येते का ते बघतो. बिंदूला स्वतःचा कल देता येतो का, हा तिसरा प्रश्न. ठोकळ्यांच्या एडिटरचा वेग आणि ब्लेंडरची मोकळीक एकाच ठिकाणी देणारा मला अजून भेटलेला नाही.

मावसभावाला घाट आता मान्य आहे, पण रिकामा घाट त्याला खोटा वाटतो. त्याच्या हट्टापायी एका वळणावर बंद पडलेला ट्रक उभा केलाय. गेमच्या लेखी ती भिंत आहे, नावच तसं दिलंय. संगणकाच्या गाड्यांना बाजूने जाता यावं म्हणून त्यांची वाट मला पुन्हा स्वतः गाडी चालवून नोंदवावी लागली.