मिशिगन सरोवर, पाठीमागून वारा आणि चावऱ्या माश्या

जुलैमध्ये मिशिगन सरोवरात शिडाची बोट घेऊन उत्तरेला निघणारे लोक वादळाची तयारी करतात, धुक्याची करतात. माश्यांचा विचार फारसा कुणी करत नाही. माझ्या मते तो आधी करायला हवा, कारण हा नुसता अंगाला खाज सुटण्याचा प्रश्न नाही. सुकाणू धरलेल्या माणसाचा हात सुटतो, हा खरा धोका आहे.

आम्ही शिकागोहून मॅकिनॉ बेटाकडे निघालो होतो. या वाटेवरची पहिली शर्यत १८९८ साली झाली. अंतर ३३३ मैल. आम्ही शर्यतीत नव्हतो, मित्राची पस्तीस फुटी बोट घेऊन सावकाश चाललो होतो. दक्षिणेचा उबदार, दमट वारा होता. उत्तरेला जायचं आणि वारा थेट पाठीमागून, म्हणजे वरवर पाहता याहून चांगलं काही नाही. दुपारपर्यंत कुठलाच किनारा दिसेनासा झाला आणि तेव्हाच माश्या आल्या. आधी शिडाच्या सावलीच्या बाजूला बसल्या, मग कॉकपिटच्या (सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीच्या) बाकांखाली, मग आमच्या घोट्यांवर.

दिसायला साधी घरमाशीच. पण एक माझ्या पांढऱ्या मोज्यावर बसली तेव्हा मी वाकून नीट पाहिलं. डोक्यापुढे काळी, ताठ सोंड सुईसारखी सरळ बाहेर आलेली, पोटावर काळे ठिपके. तिने ती सोंड मोज्यातून आरपार घातली. डास चावल्याचं नंतर कळतं. ही चावते त्या क्षणी माणूस ओरडतो. फोटो काढून ठेवला आणि पुढे रेंज आल्यावर गावी दादाला पाठवला. त्याने लगेच फोन केला: "अगं, ही तर गोठ्यातली माशी! गाय एकसारखी पाय आपटायला लागली की समजायचं, हीच आली." २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हापासून तो या माशीच्या मागेच लागलेला आहे, कारण चावऱ्या माश्यांमधून तो रोग एका जनावरातून दुसऱ्यात जातो. तिचं शास्त्रीय नाव स्टोमॉक्सिस कॅल्सिट्रान्स. नर आणि मादी दोन्ही रक्त पितात, आणि पायच धरतात.

सरोवरात गोठा कुठून आला, हा प्रश्न मलाही पडला होता. तिला अंडी घालायला कुजणारा ओला पाला लागतो, शेणच हवं असं नाही. मिशिगनच्या किनाऱ्यावर क्लॅडोफोरा नावाच्या शेवाळाचे ढीग लाटांबरोबर येऊन कुजत पडतात. बाहेरून आलेल्या झेब्रा आणि क्वागा शिंपल्यांनी पाणी गाळून इतकं नितळ केलं आहे की ऊन खोलवर पोचतं आणि हे शेवाळ जोरात वाढतं. मग जमिनीकडून येणारा हलका वारा माश्यांना आत पाण्यावर घेऊन येतो, आणि तिथे टेकायला एकच जागा असते, ती म्हणजे आपली बोट.

आता वाऱ्याचा हिशेब. वारा पाठीमागून १० नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल), बोट त्याच दिशेने साडेपाच नॉटने पळते, म्हणजे बोटीवरच्या माणसाला जाणवतो तो जेमतेम साडेचार नॉट. माशीला एवढा वारा म्हणजे काहीच नाही. शिवाय वारा पाठीमागून असतानाच सुकाणू जरा चुकलं तर शीड झटक्यात एका बाजूवरून दुसरीकडे फिरतं आणि बूम, म्हणजे शिडाच्या तळाचा आडवा दांडा, डोक्यावरून जातो. सुकाणूवर मी होते. एक माशी मांडीला, एक घोट्याच्या मागे, आणि हात आपोआप खाली जाऊ पाहत होता. आम्ही बूमला पुढे ओढून धरणारा दोर, प्रिव्हेंटर, आधीच बांधला होता. तो नसता तर त्या दुपारी मी सुकाणू हातातच घेतलं नसतं.

मग आम्ही बोट वाऱ्याच्या थेट पुढे पळवायचं सोडलं. साधारण चाळीस अंश एका बाजूला वळवली. वेग थोडा वाढला आणि अंगावर जाणवणारा वारा साडेसहा नॉटच्या पुढे गेला, तोही आडवा, कॉकपिटमधून आरपार जाणारा. माश्या संपल्या नाहीत, पण निम्म्याहून कमी झाल्या. उरलेल्या आडोशाला दडल्या, तिथे त्यांना मारता येत होतं. नागमोडी जाण्याने वाट लांबली. कुणाची तक्रार नव्हती.

सुकाणूच्या पाळ्याही लहान केल्या. अर्ध्या तासाने माणूस बदलायचा, आणि जो सुकाणूवर असेल त्याच्या पायांशी दुसऱ्याने माश्या मारायची जाळीदार पट्टी घेऊन बसायचं. सुकाणूवाल्याने माशी मारायची नाही, हा नियम आम्ही कडक पाळला. विजेची रॅकेट होती, पण तिची ठिणगी उडते, म्हणून गॅसच्या नळकांड्याच्या कप्प्याजवळ ती चालवायची नाही असं ठरवलं.

मलमांबद्दल लोक फार विचारतात. डीट हे कीटकांना दूर ठेवणारं औषध लावल्याने थोडा वेळ बरं वाटलं, मग घामात सगळं गेलं. आणि डीट लागलेला हात प्लॅस्टिकला लागला की प्लॅस्टिक खराब होतं: गॉगलच्या काचा, कॉकपिटच्या छताच्या व्हायनलच्या खिडक्या. पिकारिडिन या तशाच दुसऱ्या औषधाचा तो त्रास नाही. काहीही लावा, आधी सनस्क्रीन, त्यावर हे. खरा उपयोग कपड्यांचा झाला. फुटबॉलचे गुडघ्यापर्यंतचे जाड मोजे, वरून नायलॉनची सैल पँट, आणि पँटचं टोक घोट्याशी चिकटपट्टीने बंद. सैल कापड कातडीपासून लांब राहतं, म्हणून सोंड पोचत नाही. उकडतं खरं, पण सहन होतं. पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मारलेले कपडे पुष्कळ जण वापरतात. तो फवारा घरीच, मोकळ्या हवेत मारून कपडे पूर्ण वाळवून आणावेत. पाण्यातल्या जिवांना आणि मांजरांना ते औषध विषारी आहे, बोटीवर फवारायची वस्तू ती नव्हे.

अंधार पडल्यावर त्रास थांबला. ही माशी दिवसा चावते. झोपायला जाणाऱ्यांसाठी केबिनच्या दारावर जाळी लावली होती, तरी आत शिरलेल्या काही खिडकीच्या काचेवर गप्प बसल्या होत्या. त्या तिथेच टिपल्या. पहाटे वारा वायव्येला फिरला, गार झाला, आणि माश्या उरल्या नाहीत. आता वारा समोरून होता, अंगावर पाणी उडत होतं, जॅकेट घालावं लागलं. पण प्रत्येकाचे दोन्ही हात कामावर होते.

सहप्रवासी मैत्रिणीच्या घोट्याला मोठी सूज आली होती. गार पाण्याच्या पट्ट्या, एक टक्क्याचं हायड्रोकॉर्टिसोन आणि सेटिरिझिनची गोळी, एवढ्यावर ती उतरली. ओठ सुजले किंवा श्वास लागला तर मात्र वाट पाहायची नाही, रेडिओवर सरळ कोस्ट गार्डला हाक मारायची. ते चॅनल १६ ऐकत असतात.