फाइल उघडते पटकन, सेव्ह करताना मात्र गोल फिरतं

"नेट स्लो झालंय, फाइल सेव्ह होईना गेलीय." लातूरची डाळमिल असो की जालन्याची रोलिंग मिल, ऑफिसातून तक्रार येते ती याच शब्दांत. शेअर फोल्डर शेजारच्या खोलीतल्या सर्व्हरवर असेल तर यात इंटरनेटचा काडीचाही संबंध नसतो. फाइल पीसीवरून स्विचमध्ये, म्हणजे सगळ्या नेटवर्क वायरी जिथे जोडतात त्या डब्यात जाते आणि स्विचमधून सर्व्हरवर. इंटरनेटचा प्लॅन वाढवून यात काही फरक पडत नाही.

आधी एवढंच बघा: फाइल उघडायलाही वेळ लागतो, की फक्त सेव्ह करायला? अंदाजाने सांगू नका, मोजा. तीन-चार जीबीचा एखादा व्हिडिओ सर्व्हरवरून पीसीवर कॉपी करा, मग दुसरा तेवढाच पीसीवरून सर्व्हरवर टाका. कॉपीच्या खिडकीत 'मोअर डिटेल्स' दाबलं की आलेख दिसतो. गिगाबिट (१००० एमबीपीएस) लाइनवर आकडा सेकंदाला ११० एमबीच्या आसपास हवा. दोन्हीकडून ११ वरच अडकला तर लाइन १०० एमबीपीएसवर चालली आहे (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट), म्हणजे दोष वायरीत. येताना ११० आणि जाताना सुरुवातीला ११०, पण जीबीभर गेल्यावर धाडकन ८-१० वर आला, तर वायरीला हात लावायचं काम नाही. सुरुवातीचा वेग सर्व्हरच्या रॅमचा असतो, नंतरचा डिस्कचा.

वायरीचं लवकर उरकतं. १०० एमबीपीएसला आठपैकी चारच तारा लागतात, नारिंगी आणि हिरवी जोडी. गिगाबिटला आठही लागतात. निळी किंवा तपकिरी तार कनेक्टरमध्ये नीट बसली नसेल, तर लाइन बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरते. म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. एकाच केबलच्या चार-चार तारा वाटून दोन पीसी चालवण्याचा जुगाड केला असेल, तर तिथे गिगाबिट कधीच मिळणार नाही. आयपी फोनमधून पुढे पीसीला लाइन दिली असेल तर फोनचा पोर्ट १०० चा नाही ना, तेही बघा. स्वस्त केबलची तार ब्लेडने खरवडा. आत चंदेरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, असली केबल बदलूनच टाका. मिलमध्ये मोटारीच्या थ्री-फेज केबलला बांधूनच नेटवर्कची वायर नेलेली असते. तिथे किमान फूटभर अंतर ठेवा, आणि ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. वळवाच्या पावसात वीज कडाडली की स्विचचे एक-दोन पोर्ट अर्धमेले होतात, तेव्हा पोर्ट बदलून परत मोजा.

आता सर्व्हर, आणि 'उघडते पटकन, सेव्ह हळू' याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग डिस्क (विंडोज सर्व्हरवर डिस्क दिसत नसेल तर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी 'diskperf -y' चालवा आणि टास्क मॅनेजर पुन्हा उघडा). चार जण सेव्ह करत असताना ॲक्टिव्ह टाइम १०० टक्के, लिहिण्याचा वेग जेमतेम दोन-तीन एमबी आणि रिस्पॉन्स टाइम शेकडो मिलिसेकंद दिसला, तर डिस्कचा दम निघालाय. रेड ५ मध्ये, म्हणजे तीन किंवा जास्त डिस्क एकत्र जोडून एक डिस्क गेली तरी डेटा वाचवणाऱ्या रचनेत, छोटा तुकडा लिहायलाही चार कामं पडतात: जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायची हिशोबाची नोंद) वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा. हा भार रेड कार्डाची राइट कॅश, म्हणजे डेटा डिस्कवर उतरेपर्यंत धरून ठेवणारी मेमरी झेलते. त्या कॅशला बॅटरी असते, आणि पत्र्याच्या केबिनमध्ये मे महिन्याच्या उकाड्यात ती लवकर म्हातारी होते. बॅटरी गेली की बरीचशी कार्डं आपणहून 'राइट बॅक' (डेटा कॅशमध्ये आला की 'झालं' म्हणणं) सोडून 'राइट थ्रू'वर (डिस्कवर उतरेपर्यंत थांबणं) जातात. वाचणं पूर्वीसारखंच राहतं, लिहिणं मात्र रांगायला लागतं. कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये बॅटरीची स्थिती लिहिलेली असते, पण ते उघडतंय कोण!

तिथेच बॅटरी नसतानाही राइट बॅक जबरदस्तीने चालू करायचा पर्याय दिसेल. त्याच्या नादी लागू नका. यूपीएस आहे म्हणून निभावेल असं वाटतं, पण सर्व्हरचा पॉवर सप्लाय उडाला तर यूपीएस काय करणार? कॅशमधला डेटा जातो आणि अख्खा व्हॉल्यूम बिघडू शकतो. बॅटरीच बदला.

रेड कार्ड नसलेल्या छोट्या ऑफिसात गंमत वेगळी असते. एकच सर्व्हर डोमेन कंट्रोलरही (सगळ्यांचे लॉगिन-पासवर्ड सांभाळणारा) आणि फाइल सर्व्हरही. ज्या डिस्कवर या लॉगिनचा, म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा डेटाबेस असतो, तिची राइट कॅश विंडोज स्वतःच बंद ठेवतं. हाताने चालू केली तरी रीस्टार्टनंतर पुन्हा बंद. भांडत बसू नका, शेअर फोल्डर वेगळ्या डिस्कवर हलवा. दुसरं पार्टिशन चालणार नाही, दुसरी डिस्कच हवी.

सर्व्हर लिनक्सचा असून त्यावर सांबा (विंडोज पीसींना फोल्डर शेअर करून देणारा प्रोग्राम) असेल तर ४.७ आवृत्तीपासून 'स्ट्रिक्ट सिंक' मुळातच चालू असतं. प्रोग्रामने सांगितलं की डेटा डिस्कवर खरंच उतरेपर्यंत सांबा थांबतो. ते बंद केलं की वेग वाढतो, पण लाइट गेली की शेवटची नोंद जाऊ शकते. पतसंस्थेच्या हिशोबाच्या फोल्डरवर हा सौदा करू नये.

मोठा व्हिडिओ दोन्हीकडून झपाट्याने जातो आणि फक्त एक्सेल रडतं, असं असेल तर फोल्डर उघडा ठेवून सेव्ह दाबा. विचित्र नावाची एक तात्पुरती फाइल उमटते आणि गायब होते. एक्सेल जुन्या फाइलवर लिहीत नाही. नवी बनवतं, मग नावांची अदलाबदल करतं. त्या नव्या फाइलला पीसीचा अँटिव्हायरस एकदा हुंगतो, सर्व्हरचा परत एकदा. सर्व्हरवर तेवढं एक फोल्डर दहा मिनिटं वगळून बघा. फरक पडला तर कायमचं न वगळता दोन्हीपैकी एकाच बाजूला तपासणी ठेवा. याच कारणाने फोल्डरवर 'डिलीट'ची परवानगी नसलेल्या माणसाचं सेव्ह अडतं आणि मागे तात्पुरत्या फाइलींचा कचरा साचतो.

आणि सेव्ह ॲजची खिडकीच उघडायला वेळ लागत असेल, तर त्या पीसीवर बंद पडलेल्या जुन्या सर्व्हरचा मॅप केलेला ड्राइव्ह शिल्लक आहे का बघा. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेट यूज' (net use) टाइप केलं की यादी येते. मेलेले ड्राइव्ह तिथूनच काढून टाका.