सही केलेली पाच कोरी पानं

शनिवार, रात्रीचे पावणेदोन

आज चार दिवसांनी ऑफिसच्या बाहेर जेवलो. फैजपूरहून सावद्याकडे जाताना आत वळलं की मित्राचा मळा लागतो, तिथे भरीत पार्टी होती. घरी येऊन साबणाने दोनदा हात धुतले तरी बोटांचा धुराचा वास जात नाही. झोपही येत नाही, म्हणून वही काढली.

मंगळवारी रात्री साहेब निघाले. सोमवारपासून नागपूरचं अधिवेशन, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. गाडीत बसण्याआधी मला बाजूला घेऊन त्यांनी लेटरहेडची पाच पानं हातात दिली. वर राजमुद्रा, नाव, ‘सदस्य, महाराष्ट्र विधानसभा’, खाली सही, मधलं सगळं कोरं. म्हणाले, “दवाखान्याची कामं अडायला नकोत. मजकूर तू घाल.” कुठे चाललोय ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. नऊ वर्षांत कधी विचारायची वेळच आली नव्हती.

बुधवारी सकाळपासून त्यांचा फोन बंद. ड्रायव्हरचाही बंद. दुपारी टीव्हीवर पट्टी फिरायला लागली: विधिमंडळातला आमचा गटनेता बदलायचा म्हणून आमच्याच पक्षातले आमदार सह्या गोळा करतायत. कोणाच्या यादीत किती, यावर दोन्हीकडचे आकडे वेगळे. आमच्या साहेबांचं नाव मात्र दोन्ही याद्यांत.

तेव्हापासून माझ्या फोनला उसंत नाही. फोन रजिस्टरची सात पानं भरली. निम्मे पत्रकार, उरलेले आपले लोक. खानदेशात तीन जिल्हे मिळून वीस आमदार, त्यामुळे गावोगावचा कार्यकर्ता आपल्या आमदाराला नावाने नाही, घरच्यासारखा ओळखतो. त्याला तो कुठे आहे हे टीव्हीवरून कळावं, याचं त्याला फार लागतं. जून २०२२ मध्ये आमदार सुरतेला गेले तेव्हा मी एका पंचायत समिती सभापतींकडे गेलो होतो. धुळ्याहून साक्री, विसरवाडी, नवापूर आणि पुढे सरळ सुरत. आपल्या ओळखीचा रस्ता. लग्नाच्या साड्या घ्यायला जायचा तो रस्ता एका रात्रीत राज्याच्या बातम्यांत गेला. या आठवड्यात चहाच्या टपरीवर पुन्हा तोच रस्ता निघाला. “सुरत की नागपूर?” एवढंच विचारतात.

मी चार दिवस एकच उत्तर देतोय: “साहेब प्रवासात आहेत.” खोटं नाही, पण खरंही नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा बोललो की काल आईचा फोन आला, तिने विचारलं, “जेवना का रे?” आणि माझ्या तोंडून तेच निघायला लागलं होतं.

म्हणून आज मित्र म्हणाला, चल, तेव्हा नाही म्हटलं नाही. फोन घरी ठेवायचं मात्र धाडस झालं नाही. आणि ती पाच पानंही बॅगेत घेऊनच गेलो. ऑफिसच्या कपाटाची दुसरी किल्ली कोणाकोणाकडे आहे ते मला ठाऊक आहे.

चंपाषष्ठी झाली की आपल्याकडे वांग्याचे दिवस सुरू होतात. बामणोदची वांगी होती, पांढरट हिरवी, हातात मावेनात अशी. मित्राने कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ केला. वांगी जाळात टाकली की आधी नुसता धूर, मग साल काळी पडून तडकते आणि आतलं पाणी चर्र करून बाहेर येतं. तिथपर्यंत कोणी बोलत नाही, सगळे जाळाकडे बघत बसतात. साल काढायचं काम माझ्याकडे आलं. भाजलेल्या वांग्याचं देठ धरून वरून खाली साल ओढायची, पाण्यात हात बुडवायचा, पुन्हा ओढायची. पोरांनी लाकडी काठवटीत वांगं आणि भाजलेल्या मिरच्या ठेचल्या. वरून लसूण, तेलात तळलेले शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात. केळीच्या पानावर भरीत, कळण्याची भाकरी, पुरी, मुळा. दोन घास पोटात गेल्यावर लक्षात आलं, बुधवारपासून मी बसून जेवलोच नव्हतो.

मित्राचे वडील, आप्पा, बाजेवर बसले होते. वय ऐंशीच्या पुढे. पक्षाचं काम त्यांनी पोस्टर हाताने रंगवायचे तेव्हापासून केलंय. आजवर एकाही कामासाठी आमच्या ऑफिसची पायरी चढलेले नाहीत. माझं जेवण होईपर्यंत थांबले. मग म्हणाले, “मले येवढं सांग, आपन कोनाकडे?”

टीव्हीवाल्याला तोंडावर ‘प्रवासात आहेत’ सांगता येतं. आप्पांना नाही सांगता आलं. मी म्हणालो, “आप्पा, मला माहीत नाही. साहेबांनी सांगितलेलं नाही.” चार दिवसांतलं हे माझं पहिलं खरं उत्तर.

त्यांना राग आला नाही. त्यांनी फैजपूरचं काढलं. इथून हाकेच्या अंतरावर डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. जागेला टिळकनगर नाव दिलं होतं, नंदलाल बोसांनी बांबू आणि गावातल्याच सामानातून सगळी सजावट केली. आप्पांच्या वडिलांनी त्यासाठी बैलगाडीने बांबू वाहिले होते. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय, पण आज आप्पांनी त्यातला दुसरा धागा ओढला. त्या अधिवेशनाचं अध्यक्षपद नेहरूंना सरळ मिळालेलं नव्हतं. त्याच वर्षी नेहरूंच्या समाजवादी बोलण्यावरून कार्यसमितीतल्या काही बड्या नेत्यांनी राजीनामे दिले होते, गांधीजी मध्ये पडले तेव्हा ते मागे घेतले गेले. राजीनामे देणाऱ्यांत सरदार पटेलही होते. पुढे फैजपूरच्या अध्यक्षपदासाठी पटेलांचं नाव आलं. त्यांनी नेहरूंसाठी माघार घेतली आणि पत्रक काढून उघड सांगितलं की माघार घेतली म्हणजे त्यांची सगळी मतं मला पटली असं कोणी समजू नये.

“भांडन होतंच,” आप्पा म्हणाले. “पन ज्याचं त्याने आपल्या नावाने सांगितलं.”

मला बॅगेतली पानं आठवली. बॅग मांडीवरच होती.

साडेनऊला पहिला फोन आला. जिल्ह्यातले एक पदाधिकारी, नाव लिहीत नाही. आवाज अगदी मायेचा. “तुझ्याकडे साहेबांची सहीची पानं आहेत ना? एक पाहिजे. फोटो नको, मूळ पान. गटनेत्याच्या ठरावाला पाठिंब्याचं पत्र जोडायचंय. साहेबांशी बोलणं झालंय. माणूस पाठवतो.” वीस मिनिटांनी दुसऱ्या बाजूचा. यांना पान नको होतं, ते पहिल्या बाजूला जायला नको होतं. “सगळी पानं आमच्याकडे जमा कर, म्हणजे तुझ्यावर काही येणार नाही.”

या एका पानाचं वजन काय, हे बाहेरच्याला सांगायला हवं. पूर्वी एकतृतीयांश आमदार फुटले तर ती फूट पक्षांतरबंदी कायद्याला चालायची. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ती सोय काढली. आता अपात्रतेतून वाचायचं तर दोनतृतीयांश लागतात आणि तेही दुसऱ्या पक्षात विलीन व्हायला. त्यात ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रतोद, म्हणजे व्हिप, नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळातल्या गटाचा नाही. त्यामुळे दोन्हीकडचे ‘पक्ष म्हणजे आम्हीच’ म्हणतात आणि प्रत्येक सहीसाठी झटतात. उद्या विधानसभा अध्यक्षांसमोर अपात्रतेची याचिका गेली तर ‘स्वेच्छेने पक्ष सोडला’ याचा पुरावा म्हणून असलं एक पत्र पुढे येऊ शकतं. साहेबांची आमदारकी जाऊ शकते, त्यांनी न लिहिलेल्या चार ओळींवरून. आणि त्या ओळी माझ्या ताब्यातल्या पानावर टाईप झालेल्या असतील.

मी दोघांनाही सांगितलं: साहेबांचा आवाज ऐकल्याशिवाय पान हलणार नाही. पहिला म्हणाला, “विचार कर, उद्या तुझं काय होईल?” दुसऱ्याने फोनच कापला.

दहाच्या सुमाराला केळीच्या बागेत गाडीचे दिवे दिसले. पानांमागून उजेड हलत हलत बांधापर्यंत आला. माझे हात थंड पडले होते, हे लिहायला हरकत नाही. उतरले कोण, तर आपलीच दोन पोरं. गेल्या निवडणुकीत रात्रभर माझ्याबरोबर मतदारयाद्यांच्या चिठ्ठ्या लिहिणारी. त्यांना बघून जास्त वाईट वाटलं. अनोळखी माणसं आली असती तर मी सरळ भांडलो असतो.

मोठा म्हणाला, “दादा, आम्हाला फक्त पाकीट आणायला सांगितलंय.”

“पाकीट नाही मिळणार.”

तो मान खाली घालून उभा राहिला. गाडीत कोणीतरी चालू फोनवर ऐकत होतं, मला तो हिरवा उजेड दिसत होता. आप्पा बाजेवरून उठले. त्यांनी दोन केळीची पानं अंथरली, स्वतः वाढलं आणि म्हणाले, “मळ्यात आलेला मानूस उपाशी जात नाही. बसा.”

पोरं बसली. धाकट्याने गाडीत जाऊन फोन बंद केला, मग जेवायला आला. कोणी पक्षाचं बोललं नाही. केळीवरच्या रोगाचं निघालं, विम्याचे पैसे कोणाला आले, कोणाला नाही ते निघालं. जाताना मोठ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, “दादा, साहेब खरंच कुठे आहेत ते तुम्हालाही माहीत नाही?” मी नाही म्हणालो. त्याने विश्वास ठेवला. त्याला उद्या वर काय ऐकावं लागेल ते मला माहीत आहे.

मला साहेबांचा राग आलाय का? आज रात्री आलाय. त्यांनी कोणाकडेही जावं, तो त्यांचा निर्णय. पण आप्पांसारख्या माणसाला आणि या पोरांना त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं होतं. तेवढं त्यांचं देणं लागतं. सही विश्वासाने माझ्याकडे सोडली, तो विश्वास मी सांभाळला. तसाच विश्वास लोकांनी त्यांच्याकडे ठेवलाय. ते परतले की हे मी त्यांच्यासमोर बोलणार आहे. नोकरी राहिली तर राहिली.

मळ्यातून निघताना तिसरा फोन आला. रजिस्टरमध्ये हा नंबर गुरुवारपासून चार वेळा आहे आणि चारही वेळा मी ‘साहेब प्रवासात आहेत’ सांगितलं होतं. यावल तालुक्यातला शेतमजूर, बायको नाशिकला दवाखान्यात, हृदयाचं ऑपरेशन. मुख्यमंत्री सहायता निधीच्या अर्जाला शिफारसपत्र हवं. तीन दिवस तो मला एकच विचारत होता आणि मी त्याला पक्षाचं उत्तर देत होतो. पान तर बुधवारपासून माझ्या बॅगेत होतं. त्यासाठीच दिलेलं होतं. या गोष्टीची लाज मला त्या दोन फोनांच्या भीतीपेक्षा जास्त वाटतेय.

घरी न जाता ऑफिस उघडलं. दवाखान्याच्या अंदाजपत्रकाचा त्याने पाठवलेला फोटो मोठा करून आकडा दोनदा वाचला. मजकूर टाईप केला, आधी साध्या कागदावर छापून सहीची जागा जुळते का ते उजेडात धरून पाहिलं, मग लेटरहेड प्रिंटरला लावलं. जावक रजिस्टरला नंबर टाकला, तारीख टाकली, विषय लिहिला: वैद्यकीय मदत.

उरलेली चार पानं घरी आणून कपड्यांच्या खाली ठेवली आहेत. तो माणूस सहाला बसस्टँडवर पत्र घ्यायला येणार आहे. त्याला म्हणालो, आत येऊ नको, थंडी आहे, चहाच्या गाडीपाशी थांब, मीच येतो.